वितळतार कोणाचे रक्षण करते?

अलीकडे अनेक घरांत छताला धातूची लांब पट्टी बसवून तिच्यावर हवे तेथे सरकवता येणारे दिवे लावतात. या पट्टीच्या खाचेत विजेच्या तारा उघड्याच असतात. आतील आवरण खराब होऊन विद्युन्मय तार पट्टीला टेकली, तर सारी पट्टी जिवंत होते. अशा वेळी वितळतार, म्हणजे फ्यूज, आपल्याला वाचवील असे पुष्कळांना वाटते. हा समज कितपत खरा आहे हे थोडा हिशेब करून पाहू.

ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्ट विभवांतराला शरीरातून ०.२३ अँपिअर धारा वाहील. एवढ्या धारेने माणूस दगावू शकतो. पण ५ अँपिअरच्या वितळतारेला तिचा पत्ताही लागणार नाही. वितळतार मुळात माणसासाठी नव्हतीच. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वीज पुरवायला सुरुवात केली, तेव्हा तारा तापून आग लागण्याची मोठी भीती होती. वितळतार हे त्या भीतीवरचे उत्तर होते.

माणसाच्या रक्षणासाठी भूसंपर्क तार आली. उपकरणाचे धातूचे आवरण जमिनीला जोडले, की गळती होताच मोठी धारा जमिनीत जाते आणि वितळतार वितळते. मात्र यासाठी भूसंपर्काचा रोध कमी हवा. तो ५ ओहम असेल तर ४६ अँपिअर धारा वाहील आणि वितळतार लगेच तुटेल. कोरड्या मुरमाड जमिनीत, उन्हाळ्यात तो ५० ओहम झाला, तर धारा ४.६ अँपिअरच भरते. वितळतार शाबूत राहते आणि पट्टीही जिवंत राहते! भूसंपर्काच्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालून पाणी ओततात, ते याचसाठी.

यापेक्षा खात्रीचा उपाय शोधायचा, तर शरीर किती धारा सोसते हे आधी कळायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी १९४० च्या दशकात निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. हातात धरलेल्या तारेतील धारा हळूहळू वाढवत नेली, की एका मर्यादेनंतर स्नायू आखडतात आणि तार सोडता येत नाही. ही मर्यादा पुरुषांत सरासरी १६, तर स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर आढळली. म्हणजे वितळतारेच्या तुलनेत कित्येक शतपट संवेदनशील आणि झटपट वीज तोडणारे साधन हवे होते.

त्याचे तत्त्व मात्र जुनेच होते. जाणारी व परतणारी धारा समान हवी. फरक पडला तर कोठेतरी गळती आहे. मर्झ आणि प्राइस यांनी १९०४ मध्येच हे तत्त्व केबल व यंत्रांच्या रक्षणासाठी वापरले होते. माणसांच्या वाट्याला ते यायला अर्धे शतक लागले. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी १९५० च्या दशकात, तर डालझिएल यांनी १९६१ मध्ये ते या कामी आणले. डालझिएल यांचे साधन ५ मिलिअँपिअर गळतीला वीज तोडत असे. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावांतील दिव्यांसाठी आणि १९७५ मध्ये स्नानगृहांसाठी अशा साधनाची तरतूद केली.

याची रचना सोपी आहे. विद्युन्मय आणि तटस्थ अशा दोन्ही तारा एकाच लोहचुंबकीय कड्यातून नेतात. धारा समान असतील तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना नाहीशी करतात. गळती झाली की फरक उरतो, कड्यावरच्या वेटोळ्यात धारा प्रवर्तित होते आणि खटका पडतो. आपल्याकडे घरांसाठी सहसा ३० मिलिअँपिअरचे साधन बसवतात.

त्याची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. एखाद्याने एका हाताने विद्युन्मय आणि दुसऱ्या हाताने तटस्थ तार धरली, आणि जमिनीत काहीच गेले नाही, तर दोन्ही धारा समानच राहतात. खटका पडत नाही. म्हणून दिव्यांच्या पट्टीत हात घालण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे, पट्टीला भूसंपर्क तार जोडलेली आहे याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. आणि या साधनावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. शाळेत असे साधन असेल तर वीज गेली तरी चालेल अशा वेळी, शिक्षकांनी वर्गासमोर ते बटण दाबावे आणि खटका का पडला हे मुलांनाच विचारावे.