एका माणसाच्या नावाचा देश

रस्त्याला, चौकाला, एखाद्या शहराला नेत्याचं नाव देणं आपल्याला नवीन नाही. पण अख्ख्या देशानं आपल्या मुक्तिदात्याचं नाव घेतल्याचं उदाहरण विरळाच. फिलिपिन्सला नाव मिळालं स्पेनच्या राजा फिलिपचं, कोलंबियाला कोलंबसचं. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाला मात्र ते मिळालं स्पेनच्या सत्तेशी झुंजलेल्या सिमोन बोलिव्हारचं. हे बारसं कसं झालं, ती हकिगत मला मोठी उद्‌बोधक वाटते.

बोलिव्हार मूळचा तिथला नव्हे. त्याचा जन्म १७८३ मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकास इथं, एका धनाढ्य घराण्यात झाला. आजचा बोलिव्हिया तेव्हा 'वरचा पेरू' म्हणून ओळखला जाई. तिथल्या पोतोसीच्या डोंगरातली चांदी स्पेननं पावणेतीनशे वर्षं उपसली. ९ डिसेंबर १८२४ रोजी आयाकुचोच्या लढाईत बोलिव्हारचा विश्वासू सेनापती सुक्रे यानं स्पॅनिश फौजेचा निर्णायक पराभव केला. मग प्रश्न आला, या प्रदेशाचं करायचं काय? तो पेरूला जोडायचा, की आजच्या अर्जेंटिनाला? सुक्रेनं निर्णय तिथल्याच प्रतिनिधींवर सोपवला. बोलिव्हारला ही घाई रुचली नाही. त्याला लहानलहान देश नको होते, मुक्त झालेल्या प्रदेशांची मोठी एकजूट हवी होती.

प्रतिनिधी चतुर निघाले. ६ ऑगस्ट १८२५ रोजी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि पाचच दिवसांनी देशाचं नाव ठेवलं 'बोलिव्हार प्रजासत्ताक'. लवकरच त्याचं बोलिव्हिया झालं. यात कृतज्ञता होती, तसं राजकारणही होतं, असं मला वाटतं. ज्या देशाला आपलंच नाव दिलंय, त्याला नाही कसं म्हणायचं? बोलिव्हार विरघळला. त्यानं या देशासाठी स्वतः राज्यघटना लिहिली. गंमत अशी, की राजेशाहीविरुद्ध लढलेल्या या माणसानं तीत तहहयात राष्ट्राध्यक्षाची तरतूद केली!

ती घटना फार टिकली नाही. बोलिव्हार स्वतः त्या देशात जेमतेम पाच महिने राहिला आणि १८२६ च्या सुरुवातीला गेला, तो कायमचाच. त्याच्यामागे कारभार पाहणारा सुक्रे १८२८ च्या बंडात जखमी झाला आणि पद सोडून निघून गेला. १८३० मध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी बोलिव्हारनं उभारलेलं महाकोलंबियाचं राज्य फुटलं आणि १७ डिसेंबरला सान्ता मार्ताजवळ, एका स्पॅनिश गृहस्थाच्या घरी, त्यानं प्राण सोडला. वय अवघं ४७.

पुढे नावं मात्र वाढतच गेली. व्हेनेझुएलाच्या चलनाचं नाव बोलिव्हार. १९९९ मध्ये तर तो देश अधिकृतपणे 'बोलिव्हारवादी प्रजासत्ताक' झाला. आपल्या दिल्लीतही सिमोन बोलिव्हार मार्ग आहे.

आणि पोतोसीच्या खाणींत राबलेले केचुआ आणि आयमारा लोक? देशात बहुसंख्य तेच होते, पण बारशाच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही. २००९ च्या राज्यघटनेनं बोलिव्हियाला 'बहुराष्ट्रीय राज्य' म्हटलं आणि स्पॅनिशबरोबर ३६ देशी भाषांना अधिकृत दर्जा दिला. बोलिव्हारचं नाव तेव्हाही कुणी पुसलं नाही. फक्त त्या नावाच्या देशात आपलीही नोंद करून घेतली. मुक्तिदात्याच्या नावाचा याहून मोठा सन्मान मला तरी दिसत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)