मोटारीची दुसरी किल्ली

घरांतील एक किल्ली हरवली म्हणजे पूर्वी फारसें अडत नसे. उरलेली किल्ली घेऊन चौकांतल्या किल्लीवाल्याकडे जावें, त्यानें कानशीनें कोऱ्या किल्लीवर तसेच दांते पाडून द्यावे, आणि चार पैसे मोजून घरीं परतावें, एवढ्यावर काम भागे. दांते जुळले कीं कुलूप उघडे. किल्ली कोणाच्या हातांत आहे याची चौकशी तें करीत नसे. मोटारीची किल्लीहि बराच काळ याच जातीची होती. आज मात्र बहुतेक मोटारींच्या किल्लीच्या मुठींत एक बारीक चिप दडलेली असते, आणि हुबेहूब दांते पाडलेली नवी किल्ली फिरविली तरी इंजिन चालू राहत नाहीं. नव्या किल्लीची गाडीशीं आधीं ओळख पटवावी लागते. ही ओळख घरच्या घरीं पटविण्याचा अधिकार मालकास असावा, कीं ती गुरुकिल्ली कारखान्यानें आपल्याच हातीं ठेवावी, हा आजचा वाद आहे. पण त्याचें मूळ मोटारीहून जुनें आहे.

१८५१ सालीं लंडन येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनास आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नांवाचा एक अमेरिकन कुलूप-कारागीर आला होता. जोसेफ ब्रामा यानें १७८४ सालीं पेटंट घेतलेलें कुलूप त्या काळीं अभेद्य समजलें जाई. ब्रामाच्या पिकॅडिलींतील दुकानाच्या खिडकींत तसलें एक कुलूप ठेवलेलें असे, आणि किल्लीवांचून तें उघडील त्यास २०० गिनी देऊं, असें आव्हान त्यावर लिहिलेलें असे. कित्येक दशकें तें बक्षीस कोणासहि मिळालें नव्हतें. हॉब्जनें १६ दिवसांत मिळून सुमारें ५१ तास खटपट करून तें कुलूप उघडलें. तत्पूर्वीं चब्बचें नामांकित ‘डिटेक्टर’ कुलूप तर त्यानें अर्ध्या तासाच्या आंतच उघडून दाखविलें होतें. लंडनमधील पेढीवाले हादरले. कुलपांचे असे दोष चारचौघांत बोलूं नयेत, त्यामुळें चोरांनाच शिक्षण मिळेल, असा आक्षेप निघाला. हॉब्जच्या बाजूचें उत्तर असें होतें कीं, चोर आपल्या धंद्यांत तरबेज असतात. हे दोष त्यांना आधींच ठाऊक असतात. अंधारांत राहतो तो कुलूप विकत घेणारा भला माणूस. पुढें १८८३ सालीं ऑग्युस्त केर्कहोफ्स या पंडितानें लष्करी सांकेतिक लिपींसंबंधीं हाच विचार शास्त्राच्या रूपानें मांडला. लिपीची रचना शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडतां कामा नये. गुपित असावें तें केवळ किल्लीचें, आणि ती किल्ली बदलतां आली पाहिजे.

मोटारीनें हा धडा उशिरा घेतला. आरंभींची मोटार हँडल फिरवून चालू करीत. १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाड्यांत आला, आणि किल्ली फिरवितांच इंजिन सुरू होण्याची सोय क्रायस्लर कंपनीनें १९४९ सालीं केली. परंतु किल्लीमागच्या दोन तारा जोडल्या कीं चोराचें काम होई. १९८६ च्या कॉर्व्हेट गाडींत जनरल मोटर्सनें किल्लीच्या पात्यांत विजेस ठराविक अडथळा करणारा एक लहानसा तुकडा बसविला. त्याचे प्रकार अवघे १५ होते. म्हणून चुकीची किल्ली लागली तर गाडी कांहीं मिनिटें पुन्हा दादच देत नसे. पुढें चिप आली. तिला स्वतःची बॅटरी लागत नाहीं. कुलपाभोंवतींच्या तारेच्या वेटोळ्यांतून तिला वीज मिळते. सुधारलेल्या प्रकारांत गाडी एक नवाच आंकडा विचारते, चिप आपल्याजवळच्या गुपिताच्या आधारें त्याचें उत्तर काढते, आणि उत्तर बरोबर ठरलें तरच इंजिनास इंधन मिळतें. युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींना अशी योजना सक्तीची झाली, आणि त्यानंतर मोटारचोऱ्या लक्षणीय घटल्या.

दारें उघडणारें रिमोट ही याहून निराळी वस्तु आहे, जरी आज दोन्ही एकाच मुठींत असतात. १९८२ सालीं रेनो कंपनीच्या फ्युएगो गाडींत रिमोट आलें. पुढें रेडिओलहरींचीं रिमोट आलीं, तेव्हां चोर तो संदेश हवेंत टिपून ठेवूं लागले. त्यावर प्रत्येक वेळीं बदलणाऱ्या संकेताचा उपाय निघाला. दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेली ‘कीलॉक’ पद्धति त्यांतील प्रसिद्ध होय. रिमोट आणि गाडी दोघेंहि दाबलेल्या बटणाची मोजणी ठेवतात. घरांत एकाद्या मुलानें खेळतां खेळतां बटण दाबलें तर रिमोटची मोजणी पुढें जाते. १६ पर्यंतचें अंतर गाडी मुकाट्यानें मान्य करते. त्याहून अधिक पडल्यास तिला लागोपाठ दोन बरोबर संकेत द्यावे लागतात.

मग नवी किल्ली गाडीस ओळखवावी कशी? अमेरिकेंत फोर्डच्या कित्येक गाड्यांत ही सोय मालकाच्याच हातीं दिलेली होती. गाडीच्या ओळखीच्या दोन किल्ल्या ठराविक सेकंदांच्या आंत एकीमागून एक लावून फिरवाव्या, आणि लगेच तिसरी नवी किल्ली फिरवावी, कीं तीहि गाडीच्या दफ्तरीं दाखल होई. अशा आठ किल्ल्यांपर्यंत नोंद होऊं शके. रिमोटचा विधि निराळा. दारें लावून किल्ली दहा सेकंदांत चार किंवा आठ वेळां, गाडीच्या प्रकाराप्रमाणें, चालू-बंद करावी. दारांचीं कुलपें खटकन् लागून उघडलीं म्हणजे गाडी ऐकण्यास सिद्ध झाली. मग प्रत्येक रिमोटचें बटण एकेकदां दाबावें. जुनीं रिमोटहि त्याच बैठकींत पुन्हां नोंदवावीं लागत, कारण पूर्वीची यादी पुसली जाई. हरवलेलें रिमोट त्यामुळें आपोआप निकामी होई, हा त्यांतला मोठाच लाभ.

दोन किल्ल्यांची अट कशासाठीं, हें बँकेंत लॉकर असलेल्या घरांस सांगावें लागणार नाहीं. तेथें एक किल्ली बँकेची, एक आपली. एकटीनें लॉकर उघडत नाहीं. गाडी धुणारा किंवा दुरुस्त करणारा यांच्या हातीं एकच किल्ली जाते, तेव्हां तेवढ्यावर त्यांना दुसरी करतां येऊं नये. मालकाच्या घरीं मात्र दोन्ही असतात. ही रचना उघड होती, पुस्तिकेंत छापलेली होती, आणि तरीहि भक्कम होती.

परंतु दोहोंतली एक हरवली कीं मालकहि परका ठरतो. मग कागदपत्रें घेऊन विक्रेत्याकडे किंवा जाणत्या किल्लीवाल्याकडे जावें लागतें, आणि तो आपलें यंत्र गाडीच्या निदानासाठीं ठेवलेल्या सॉकेटला जोडून नवी किल्ली नोंदवितो. पुष्कळ नव्या गाड्यांत तर घरगुती विधि ठेवलेलाच नाहीं. तो चोरांच्या भीतीनें काढला, असें सांगण्यांत येतें. चोर मात्र थांबले नाहींत. २०१२ च्या सुमारास ब्रिटनमध्यें महागड्या गाड्यांच्या त्याच सॉकेटला यंत्रें जोडून चोरटे कोऱ्या किल्ल्या नोंदवूं लागले. ज्या दारानें मालकास यावयास बंदी, त्याच दारानें चोर आंत गेला; चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

गुपितांचीहि तीच गत झाली. २००५ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनीं एका बहुप्रचारांतील चिपचें ४० बिटांचें गुपित फोडून दाखविलें. २००८ सालीं जर्मनींतील बोखुमच्या संशोधकांनीं कीलॉकची तीच वाट लावली. २०१३ सालीं ‘मेगामॉस’ नांवाच्या चिपमधील दोष दाखविणारा निबंध प्रसिद्ध होऊं नये म्हणून फोक्सवॅगननें लंडनच्या हायकोर्टांतून मनाई आणिली. दोन वर्षांनीं, एक वाक्य गाळून, तो निबंध छापला गेला. पेढीवाल्यांचा १८५१ मधील आक्षेप आणि हॉब्जच्या बाजूचें उत्तर हींच पुन्हां समोरासमोर उभीं राहिलीं होतीं. दोष झांकल्यानें चिप सुधारली नाहीं. गाड्या मात्र त्याच चिपांसह रस्त्यावर राहिल्या.

किल्ली मालकाच्या हातीं असावी, आणि कुलपाची रचना जगास ठाऊक असूनहि तें टिकावें, हाच या सगळ्या इतिहासाचा कौल आहे. ज्या गाड्यांत दोन किल्ल्यांवरून तिसरी नोंदवितां येते, त्यांच्या मालकांनीं ती दोन्ही हातांत आहेत तोंवरच नोंदवून घ्यावी. एक हरवल्यावर घरचा उपाय उरत नाहीं.