पंचरंगी सामन्यांचा स्मारकग्रंथ

सोयगावच्या आमच्या ग्रंथालयास एका जुन्या विद्यार्थ्याने काही रक्कम धाडली आणि तिच्यातून मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांची स्मृती राखणारा एखादा उत्तम ग्रंथ घ्यावा, अशी इच्छा कळविली. निवडीचे काम आमच्याकडे आले. परंतु पहिल्याच बैठकीत आमच्या एका सहाध्यापकांनी मुळावरच घाव घातला. धर्माधर्मांचे संघ करून जे सामने खेळले गेले, त्यांचे स्मारक कशाला, असा त्यांचा सवाल.

सवाल गैर नव्हता. 1892 पासून युरोपियन व पारशी यांचे सामने दरसाल होऊ लागले. 1907 साली त्यांत हिंदू आले, 1912 साली मुसलमान, आणि 1937 साली ख्रिस्ती आदी उरलेल्यांचा 'शेष' संघ मिळून पंचरंगी पुरी झाली. 1940 साली खुद्द गांधीजींनी या पद्धतीविरुद्ध मत दिले व 1946 साली ती बंद पडली. तथापि 1943 च्या अंतिम सामन्यात विजय हजारे यांनी याच 'शेष' संघाच्या दुसऱ्या डावातील 387 धावांपैकी 309 एकट्याने काढल्या, आणि इतके करूनही त्यांचा संघ हरला! पद्धत वाईट होती म्हणून हेही विसरावयाचे काय? स्मरण म्हणजे गौरव नव्हे, हे वर्गात आम्ही इतक्यांदा सांगितले आहे की, सहाध्यापकांपुढे पुन्हा सांगताना आम्हांसच संकोच वाटला.

खरी अडचण निराळीच होती. स्मारकात कोण राहतो आणि कोण गळतो? कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला तेव्हा सभासदांनी शिलकेतील रुपये आटवून चांदीचा चषक घडविला व 1878 साली तो इंग्लंडच्या रग्बी मंडळास दिला. इंग्लंड व स्कॉटलंड अद्याप त्यासाठी झुंजतात. पण चांदी बोलत नाही. दूर कशास जावे? आमच्या तालुक्यातील फर्दापुराहून अजिंठ्याची लेणी जवळच. तेथील सोळाव्या लेण्यात हरिषेण वाकाटकाचा अमात्य वराहदेव याचे नाव शिळेवर कोरलेले आहे. भिंती रंगविणाऱ्या चित्रकारांचे नाही.

ही कसोटी लावून आम्ही ग्रंथ पाहू लागलो. शापूरजी सोराबजी यांचा 1897 चा पारशी क्रिकेटचा वृत्तांत आम्हांस फार आवडतो, कारण युरोपियनांच्या पोलोच्या घोड्यांनी देशी खेळाडूंचे मैदान तुडविले, त्या भांडणाची हकीकत त्यात आहे. जे. एम. फ्रामजी पटेल यांचा ग्रंथ 1905 चा. परंतु 1906 साली हिंदूंनी युरोपियनांस हरविले, त्याच्या आधीच हे दोन्ही ग्रंथ छापून झालेले! म्हणजे ज्या पुरुषावाचून ही कथा पांगळी, तोच त्या विजयासह बाहेर राहतो.

तो पुरुष म्हणजे पालवणकर बाळू. चर्मकार कुळातील हा मुलगा पुण्यास युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखी व साहेबांस सरावासाठी चेंडू टाकी. पुढे हिंदू संघात त्याच्या गोलंदाजीवाचून चालेना. मैदानात चेंडू सर्वांनी एकच हाताळावा, चहा मात्र त्याला बाहेर मातीच्या भांड्यातून मिळावा! 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. तरी हिंदूंचे कर्णधारपद त्यास रीतसर कधीच लाभले नाही. 1920 साली त्याच्या भावांनी संघातून अंग काढून जाहीर निषेध केला, आणि 1923 साली धाकटा विठ्ठल कर्णधार झाला. त्या वर्षी हिंदू जिंकले.

या विठ्ठलाने 1948 साली 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तक मराठीत लिहिले. रामचंद्र गुहा यांचा 2002 चा 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरीन फील्ड' हा इंग्रजी ग्रंथ अधिक विस्तृत खरा, आणि अभ्यासकास तो टाळता येणार नाही. पण आमची मुले मराठीत वाचतात; शिवाय मैदानावर उभे राहून ज्याने सोसले, त्याचे बोलणे आधी ऐकावे, हा आमचा जुना हट्ट.

सहाध्यापकांनी एक अट घालून संमती दिली: दोन्ही ग्रंथ शेजारीशेजारी ठेवावयाचे. गुहांचा ग्रंथ आला आहे. विठ्ठलाच्या पुस्तकासाठी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांस पत्रे गेली आहेत; तोवर कपाटातील ती जागा मोकळी ठेवली आहे.