सप्तर्षीतला स्फोट
* अतिनवतारा (स्फोट होऊन फुटलेला तारा) : येथे एसएन २०२३आयएक्सएफ. जपानी निरीक्षक कोइची इतागाकी यांना तो १९ मे २०२३ रोजी सप्तर्षीतल्या एम१०१ दीर्घिकेत दिसला. अंतर सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे. अतिनवताऱ्यांच्या हिशेबात हा शेजारच.

खरी मौज जुन्या छायाचित्रांत आहे. हबल आणि स्पिट्झर दुर्बिणींनी हा तारा फुटण्याआधीच टिपून ठेवला होता : दृश्य प्रकाशात जेमतेम ठिपका, अवरक्तात मात्र ठळक, कारण त्या तांबड्या महाराक्षसी ताऱ्याभोवती धुळीचे दाट आवरण होते. स्फोटानंतर ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेने अतिनील किरण टिपले, लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीने वर्णपट घेतले, तर जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने रेडिओ लहरींत वेध घेतला.

प्रकाश आणि रेडिओ लहरींपाठोपाठ आता गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी छत्रपती संभाजीनगर विभागात, हिंगोलीतल्या औंढ्याजवळ, लायगो-इंडिया प्रकल्प होतो आहे. त्याला केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली.