उठणे आणि बसणे : एका हिब्रू वचनाचा अर्थ

‘गाव उठले’ या शब्दांचा अर्थ धायरीकरांस सांगावयास नको. खडकवासल्यापलीकडे पानशेतचे धरण झाले तेव्हा खोऱ्यातील गावे उठली आणि माणसे दुसरीकडे जाऊन बसली. उठणे, बसणे ही रोजची क्रियापदे. पण त्यांत पिढ्यांचे दुःख मावते. अशाच तीन जुन्या क्रियापदांचा आज आपण विचार करू.

बायबलमधील ‘राजे’ या दुसऱ्या ग्रंथाच्या १७व्या अध्यायात, सहाव्या वचनात, अश्शूरच्या राजाने शोमरोन नगर घेऊन इस्राएल लोकांस परमुलखात नेल्याची हकीकत आहे. ही गोष्ट इ. स. पूर्व ७२२च्या सुमाराची. सारगोन राजाच्या कोरीव लेखात नेलेल्या माणसांचा आकडा २७,२९० असा दिला आहे.

मूळ हिब्रूतील पहिला धातू ‘लाखद’, म्हणजे पकडणे. सापळ्यात जनावर सापडते तेव्हाही हाच धातू येतो. दुसरा ‘गाला’. त्याचे अर्थ दोन : उघडे करणे आणि परागंदा होणे. हे धातू मुळात एक की दोन, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. एक मानणाऱ्यांना त्यात माणसे गेल्याने उघडी पडलेली भूमी दिसते. आपला ‘हद्दपार’ हा शब्द शीव ओलांडणाऱ्याकडे पाहतो. हा मागे राहिलेल्या मातीकडे पाहतो. तिसरा ‘याशव’, म्हणजे बसणे, तसेच वस्ती करणे. येथे त्याचे प्रयोजक रूप आहे : राजाने त्यांना ‘बसविले’.

तिन्ही क्रियांचा कर्ता राजाच. ज्यांची घरे गेली ते केवळ कर्म!

आता आपल्या कोकणाकडे वळू. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. शोमरोनच्या लोकांशी त्यांचे नाते काय, हा वाद आपण बाजूस ठेवू. येथे त्यांना कोणी राजाने बसविले नाही. ते स्वतः बसले. त्यांनी तेलाचे घाणे चालविले, शनिवार पाळला म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेले. पेणकर, राजपूरकर अशी गावांची नावे आडनावांत घेतली. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची हग्गादा ही पोथी हिब्रू मजकूर व मराठी भाषांतरासह छापली गेली. मिसरच्या दास्यातून सुटल्याची कथा घराघरांत मराठीत वाचता येऊ लागली.

इतिहास वाचताना वाक्याचा कर्ता कोण, हे आपण पाहतोच. ज्यांना त्या वाक्याने कर्म करून सोडले, त्यांनी पुढे काय केले, हेही शोधले पाहिजे.