बॉनेटखालचा उन्हाळा

तर झालं असं की २००८ च्या मे महिन्यात मी माझ्या जुन्या जिप्सीला हेडर बसवला.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनातला जळलेला वायू बाहेर पडताना आधी एका ओबडधोबड बिडाच्या तुकड्यात येतो. त्याला म्हणतात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. चार सिलिंडरचा धूर तिथे एकाच नळीत घुसायला धक्काबुक्की करतो, स्वारगेटला एसटीत चढतात ना, तसा. हेडर म्हणजे या तुकड्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्टीलची स्वतंत्र, लांब, वळणदार नळी, आणि बरंच पुढे जाऊन चौघींचा संगम. धूर सुरळीत निघतो, थोडी ताकद वाढते, आणि आवाज असा येतो की सिग्नलला लोक वळून बघतात. (माझं वय तेव्हा तेहेतीस होतं. एवढं स्पष्टीकरण पुरे.)

बसवताना गॅरेजवाल्याने मूळ मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कव्हर काढून कोपऱ्यात भिरकावलं. "हे आता बसत नाय सर, आणि लागत पण नाय." मी मान डोलावली.

आठवड्याने गावी निघालो. गाव कडेगाव, जिल्हा सांगली. गगनचुंबी ताबुतांच्या भेटींसाठी लोकांना माहीत असतं ते. मागे आई आणि चार वर्षांची मुलगी. कऱ्हाडला स्टँडवर आमचे चुलते, नाना, गाडीत बसले. नाना गलाईवाले. आमच्या कडेगाव-विटा-खानापूर-आटपाडी भागात पाऊस कमी, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. नानांची तीस वर्षं आंध्रात भट्टीसमोर गेली होती.

रात्रीचे नऊ वाजलेले. सुर्ली घाटाच्या वरच्या टोकाला आलो आणि रबर जळल्याचा वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. अंधारात चार नळ्या मंद लाल दिसत होत्या. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा ते भारी वाटलं. नाना मात्र जवळ येऊन डोळे बारीक करून बघत राहिले.

"सहाशेच्या वर गेलंय हे. चांदी इतळायला आजून तीनशे पायजेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"रंगावरनं. मुशीत काय थर्मामीटर घालून बसतूय व्हय आमी?" मग खाली बोट केलं. "आन् ही वायर बघितलीस का?"

स्टार्टरकडे जाणारी जाड वायर. तिचं आवरण मऊ होऊन ओघळलं होतं, आतलं तांबं दिसत होतं, आणि चॅसिसचा पत्रा तिथून दोन बोटांवर. ती वायर थेट बॅटरीची, मध्ये फ्यूज नाही. शेजारी पेट्रोलची नळी. मी काही बोलायच्या आत नाना आईला आणि पोरीला गाडीतून उतरवून रस्त्याच्या पलीकडे घेऊन गेले होते.

बॅटरीची वायर सोडवली, पाऊण तास दगडावर बसलो. नाना एक शब्द बोलले नाहीत. नंतर दोन वर्षं मी फावल्या वेळात याच विषयावर वाचत होतो, की बॉनेटखालची उष्णता आजवर लोकांनी कुठे कुठे पाठवली.

नानांचं रंगाचं गणित आधी. १८४७ साली जॉन ड्रेपर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की कुठलाही घन पदार्थ साधारण ५२५ अंश सेल्सियसला अंधारात लाल दिसू लागतो. लोखंड असो, प्लॅटिनम असो, आकडा तोच. म्हणजे रंग ही खरोखरच मोजपट्टी आहे. १८७९ मध्ये स्टेफानने त्यापुढचा नियम मांडला : तापलेली वस्तू जी उष्णता किरणांनी बाहेर फेकते ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. हे तापमान केल्विनमध्ये धरायचं. ३०० अंशांची नळी ६०० वर गेली तर ती दुप्पट नाही, पाचपटीहून जास्त उष्णता फेकते. हेडरची गोम इथेच आहे. बिडाचा जाड तुकडा सावकाश तापतो आणि आटोपशीर असतो. पातळ नळ्या लगेच तापतात, त्यांचा पृष्ठभाग जास्त, आणि त्या वायरींच्या, केबलींच्या, पेट्रोलच्या जवळून फिरतात.

आता गंमत अशी की आम्ही ज्या घाटात थांबलो होतो, त्याच्या अलीकडे कऱ्हाडजवळ ओगलेवाडी आहे. १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याची. तिथला प्रभाकर कंदील आमच्या आजीच्या घरात होता. कंदिलाच्या दोन्ही बाजूंना नळ्या का असतात याचा मी लहानपणी कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं कडी अडकवायला. तसं नाही. वादळी कंदिलाचे मुळात दोन प्रकार. पहिल्यात काचेवरची गरम हवाच नळ्यांतून खाली वातीकडे परत यायची. दुसऱ्यात गरम हवा वरून सोडून द्यायची आणि नळ्यांतून बाहेरची ताजी, थंड हवा वातीला द्यायची. दुसऱ्याचा उजेड स्पष्ट जास्त. कारण उघड आहे : वापरलेल्या हवेत प्राणवायू कमी, आणि गरम हवा विरळ. एकोणिसाव्या शतकात रॉकेलच्या दिव्याला जे कळलं होतं ते मला पंचवीस हजार रुपये घालवून कळलं. असो.

कडेगावच्या दुसऱ्या अंगाला, पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभा केला. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि ती इंजिनं गावोगावच्या विहिरींवर आली. आमच्या विहिरीवरही पाच हॉर्सपॉवरचं एक होतं, पाण्यावर थंड होणारं. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत तेच मॉडेल समोर आलं तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. एक सिलिंडर, ८० मिलिमीटर बोअर, ११० स्ट्रोक, १५०० आरपीएम. तिथे "हीट बॅलन्स"चा प्रयोग करायचा असायचा. डिझेलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामाला येते, एक तृतीयांश पाण्यात जाते, एक तृतीयांश धुरातून जाते. विहिरीवर या हिशोबाची फार सुंदर सोय होती. पंपाच्याच पाण्यातली एक बारीक धार इंजिनाच्या जॅकेटमधून फिरून पाटात पडायची. उसाला थोडं कोमट पाणी. धुराची नळी खोपटाच्या भिंतीतून बाहेर, आणि जिथे हात लागायची भीती तिथे ॲसबेस्टॉसची दोरी गुंडाळलेली. आज हेडरला जी काचतंतूंची पट्टी गुंडाळतात तिची ही आजी. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवरही असंच पांघरूण असायचं.

गाडीत ही सोय नाही. गाडीत सगळं एका पेटीत कोंबलेलं. म्हणून सुरुवातीच्या गाड्यांच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी खिडकीच्या झडपांसारख्या फटी असायच्या. १९२८ ची मर्सिडीझ एसएसके आठवा (फोटोत तरी पाहिली असेल). तिच्या बॉनेटच्या कडेतून चमकणाऱ्या जाडजूड नळ्या बाहेर येतात आणि मागे जातात. मी त्याला दागिना समजायचो. पण धूर सरळ बॉनेटबाहेर काढला की आतला ताप तेवढा कमी होतो, हेही आहेच. उलट उदाहरण फोर्डच्या १९३२ च्या व्ही-८ चं. त्यात धुराचे मार्ग इंजिनाच्या ब्लॉकमधूनच, थंड करायच्या पाण्याला लागून काढले होते. इंजिन स्वस्त झालं, अमेरिकाभर गाजलं, आणि गरम होण्यासाठीही तेवढंच गाजलं. धुरातली उष्णता पाण्यात आणि पाण्यातली रेडिएटरवर. बिचारा रेडिएटर!

त्यातही थंड देशांची गरज वेगळी. तिथे पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून कितीतरी जुन्या इंजिनांत मुद्दाम धुराचं मॅनिफोल्ड आत येणाऱ्या मिश्रणाला चिकटवून ठेवत. आपल्या ॲम्बॅसेडरचं इंजिन ब्रिटिश बीएमसीचं. त्यात आत घेणं आणि बाहेर सोडणं एकाच बाजूला, कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या वर. ऑक्सफर्डच्या हिवाळ्यात हे ठीक. मे महिन्यात कात्रज चढताना पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग ड्रायव्हर उतरणार, पेट्रोल पंपावर (इंजिनातल्या हो!) ओलं फडकं टाकणार, बिडी ओढणार. माझ्या लहानपणी प्रत्येक घाटात असं एक तरी ओलं फडकं दिसायचं. ती सवय नसलेला ड्रायव्हर कच्चा समजला जायचा. माझ्या मते हा आपल्याकडचा उष्णता-व्यवस्थापनाचा सगळ्यात जास्त वापरलेला उपाय, आणि एकाही पुस्तकात मला तो धड सापडला नाही.

स्कूटरचंही तेच. चेतकच्या इंजिनावर पत्र्याचं आवरण असतं, पंख्याची हवा त्यातून नेमकी सिलिंडरच्या पंखांवर जाते. ते आवरण "उगाच खडखडतं" म्हणून काढून फेकलेल्या स्कूटरी मी पाहिल्या आहेत. पंखा फिरतोच, पण वारा भलतीकडे. पुढे इंजिन जाम.

आमच्या धंद्यात याला चांगली उपमा आहे. जुन्या कोडमध्ये एक ओळ दिसते, वर कॉमेंट नाही, कशासाठी आहे कळत नाही. नवीन पोरगा ती उडवतो. टेस्ट पास होतात. तीन महिन्यांनी दिवाळीच्या रात्री सर्व्हर झोपतो. ते पत्र्याचं कव्हर म्हणजे तशी ओळ होती. तापलेली वस्तू आणि वायर यांच्यामध्ये हवेची फट ठेवून एक साधा पत्रा उभा केला तरी पोहोचणारी किरणांची उष्णता हिशोबाने निम्मी होते, पत्रा चकचकीत असेल तर आणखी कमी.

ताकदीचं म्हणाल तर तेही मोजलं. मित्राची अगदी तशीच जिप्सी होती, मूळ मॅनिफोल्डवाली. मल्टिमीटरची तापमानाची वायर कार्बोरेटरच्या तोंडाशी बांधून दोन्ही गाड्या एकाच दुपारी रांगत्या ट्रॅफिकमधून नेल्या. बाहेर ३८ अंश. त्याच्याकडे ५४, माझ्याकडे ७१. हवा गरम झाली की विरळ होते, दर दहा अंशाला साधारण तीन टक्के. म्हणजे माझं इंजिन त्याच्यापेक्षा पाच टक्के कमी हवा घेत होतं. हेडरकडून माझी अपेक्षाही साधारण तेवढ्याच वाढीची होती. मोकळ्या रस्त्यावर फायदा, हडपसरला तोटा. मी राहायला हडपसरला.

पट्टी गुंडाळायचा उपाय सगळे सांगतात. तिने उष्णता नळीच्या आत राहते हे खरं. पण नळीचं लोखंड मग आणखी तापतं, पावसाळ्यात पट्टी ओल धरते आणि साध्या स्टीलची नळी आतल्या आत गंजते. तिच्यावर ऑइल गळलं तर ती वातीसारखी पेटते. सिरॅमिकचा लेप उत्तम, पण खर्चिक. आम्हा कोकणात-घाटात फिरणाऱ्यांना पत्रा आणि हवेची फट हेच बरं, आणि वायरी मुळातच लांबून नेणं.

२०२१ च्या डिसेंबरात कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेल्या छोट्या जीपचा व्हिडिओ देशभर फिरला. साठेक हजारांत बनलेली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी गाडी. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. सगळे किक बघत होते. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बॉनेटमधून वारा कुठून बाहेर पडतो ते शोधत होतो. बायको म्हणाली, तुला एकदा भाजलंय ना.

तर त्या रात्री सुर्ली घाटात आम्ही वायरवर नानांच्या उपरण्याची पट्टी बांधली, ती वायर नळीपासून लांब ओढून सुतळीने आवळली आणि वीसच्या वेगाने घरी पोहोचलो. सकाळी पुण्याला फोन केला. जुनं कव्हर भंगारात गेलं होतं. नाना म्हणाले, "थांब." आत गेले आणि ॲल्युमिनियमची एक जुनी मोठी परात घेऊन आले. मी विचारलं, वितळणार नाही ना? "साडेसहाशेला इतळतंय. चिकटवायचं न्हाय, बोटभर लांब धरायचं. मदनं वारं गेलं पायजे." मग कात्रीने परात अर्धी कापली, मोठ्या वॉशरांची चवड घालून बोल्टवर बसवली. ठोकून आकार देताना मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "तू कॉम्प्युटर बघ."

२०१४ मध्ये गाडी विकली तेव्हा ती अर्धी परात आत तशीच होती, काठाच्या नक्षीसकट. घेणाऱ्याला मी ती काढू नको असं तीनदा सांगितलं. उरलेल्या अर्ध्या परातीबद्दल काकू अजून विचारते.