पाळणा, दोन पोरं, पन्नास पैसे

आमच्या आण्णांना रोजचा खर्च लिहून ठेवायची सवय होती. ते गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. १९७९ सालच्या वहीत, एप्रिल महिन्यात, येरमाळ्याच्या यात्रेचे एक पान आहे. नारळ, ओटीचे सामान, आईच्या बांगड्या, रेवड्या, गोडी शेव, बैलांना पेंड. शेवटची ओळ अशी: 'पाळणा – २ पोरं – ५० पैसे'.

आम्ही भावंडे तीन होतो. आक्का तेरा वर्षांची, मी नऊ, धाकटा सहा. मग पाळण्यात बसलेली दोन पोरे कोणती आणि खाली राहिलेले तिसरे कोणते, हा प्रश्न मला त्या वहीने घातला. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जुन्या वह्या, पावत्या आणि फोटो गोळा करता करता जे वाचन झाले तेवढीच माझी विद्या. पण या एका ओळीच्या मागे लागल्यावर लक्षात आले, की पोरांना मौजेसाठी कुठेतरी घेऊन जाण्याचाही एक इतिहास आहे आणि तो आपण फारसा कुठे लिहिलेला नाही.

यात्रेचा दिवस

येरमाळ्याची येडेश्वरी ही तुळजाभवानीची बहीण मानतात. चैत्री पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरच्या मंदिरातून खाली येते. वाटेत चुन्याचे रान लागते. तिथे लाखो माणसे वाकून चुनखडीचे पाच-पाच खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. पुढे पालखी आमराईत जाते आणि पाच दिवस तिथेच मुक्काम करते.

यात्रेची वेळ शेतकऱ्याच्या सोयीची आहे. ज्वारीची रास घरात आलेली, मृगाला अवकाश, हातात चार पैसे. आमचे गाव येरमाळ्यापासून बैलगाडीने तीन तासांवर. गाडीत आम्ही, चुलते, चुलत्या, त्यांची पोरे. कुणाचा नवस फेडायचा असे, कुणाच्या पोराचे जावळ काढायचे असे, कुणाला सोयरिकीसाठी पाव्हण्यांना गाठायचे असे. आण्णांना बैलांचे दावे घ्यायचे असे. पोरांची मौज ही या सगळ्या कामांच्या शेपटाला बांधलेली असे. वहीतही ती शेवटच्याच ओळीत आहे.

तरीही आमच्या दृष्टीने यात्रा म्हणजे तीच शेवटची ओळ. पिपाणी, भिंगरी, लाल काचेचा चष्मा, टुरिंग टॉकीजचा तंबू. फोटोवाल्याच्या कनातीत पुठ्ठ्याचे विमान असायचे आणि त्याच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून फोटो निघायचा. अशा विमानातले अकरा फोटो मी आतापर्यंत जमवले आहेत. एकातही कुणी हसत नाही. विमानात बसणे ही गंभीर गोष्ट होती.

यात्रेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. हरवलेल्या पोराचे नाव भोंग्यावरून पुकारले जाई, तेव्हा गर्दीतल्या प्रत्येक आईचा हात आपल्या पोराकडे जाई. २५ जानेवारी २००५ ला साताऱ्याकडच्या मांढरदेव यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे माणसे गेली. 'पूर्वी सगळे चांगले होते' असे म्हणायला यात्रेचा इतिहास परवानगी देत नाही.

रहाट आणि पाळणा

आण्णांनी लिहिलेला 'पाळणा' म्हणजे लाकडी रहाटपाळणा. चार पेट्या, मधे कणा आणि हाताने ढकलणारी दोन माणसे. नावातच त्याची कूळकथा आहे: विहिरीवरचा रहाट आणि घरातला पाळणा. पाणी वर काढणाऱ्या चाकाला गाडग्यांऐवजी पोरे टांगली, की झाला रहाटपाळणा.

ही युक्ती जुनी आहे आणि एकट्या आपली नाही. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरत-आग्र्याकडे फिरला. त्याआधी, १६२० मध्ये, आजच्या बल्गेरियातल्या एका गावच्या उत्सवात त्याने माणसे बसवून फिरवणारी अशी चाके पाहिली आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. ते वाचताना मला आपल्याच यात्रेतली लाकडाची करकर ऐकू आली.

या चाकाला लोखंडाचे केले जॉर्ज फेरिस या अमेरिकन अभियंत्याने. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याने २६४ फूट उंच चाक उभारले. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसे मावत. एका फेरीत दोन हजारांवर माणसे, म्हणजे आमचे त्या वेळचे गाव रिकामे झाले असते. चार वर्षांनी, १८९७ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यू याने स्टीपलचेज पार्क काढले. त्याने खेळांभोवती कुंपण घातले आणि दारावर पैसे घेतले. माझ्या मते रहाटपाळण्यापासून थीम पार्कपर्यंतच्या वाटेवरचे सर्वांत मोठे यंत्र हे कुंपण आहे. यात्रेला कुंपण नसते. खिशात दमडी नसलेले पोरही पाळण्याखाली उभे राहून वर बघू शकते.

सुट्टी कुठून आली

कुंपणाच्या आत जायला सुट्टी हवी. यात्रेची सुट्टी ऋतू देत असे. कारखान्यातल्या माणसाला ती मागून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे भांडून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्या मागणीत होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे नुसत्या मौजेसाठी सुट्टी मागायला जीभ रेटत नसे, देवाला पुढे करावे लागे. शाळेच्या उन्हाळी सुट्टीलाही दोनच ठिकाणे होती: आजोळ आणि यात्रा.

शहरात मात्र फक्त पोरांसाठी म्हणून जागा तयार होऊ लागल्या. पुण्याच्या पेशवे पार्कात ८ एप्रिल १९५६ ला 'फुलराणी' ही छोटी गाडी सुरू झाली. आमच्या भागात तेव्हा बार्शी लाईट रेल्वे धावत होती. रुळांची रुंदी अडीच फूट. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि १९११ पर्यंत येडशीवरून लातूरला पोचली. पुण्याची मुले हौस म्हणून छोट्या गाडीत बसत होती आणि आम्हाला पंढरपूरला जायला तीच गाडी होती. हौस आणि गरज यांत कधी कधी रुळांच्या रुंदीचाही फरक नसतो.

बाकावरचा बाप

थीम पार्कची जन्मकथा खुद्द वॉल्ट डिस्ने सांगत असे. शनिवारी तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जाई. मुली लाकडी घोड्यांवर फिरत आणि तो बाकावर शेंगदाणे खात बसे. पोरांबरोबर आईबापांनाही मौज करता येईल अशी जागा का असू नये, हा विचार त्या बाकावर त्याच्या मनात आला. संत्र्यांच्या बागा तोडून १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडले. पहिल्याच दिवशी बनावट पासांमुळे बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे आत शिरली. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे पडले नाहीत. उन्हाने ताजे डांबर मऊ झाले आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. कुटुंबाच्या सहलीतले सगळे ताप पहिल्याच दिवशी हजर होते.

पण माझे लक्ष वेधले ते तिकिटांनी. सुरुवातीची बरीच वर्षे डिस्नेलँडमध्ये दारावरचे तिकीट वेगळे आणि खेळांची कुपने वेगळी असत. म्हणजे 'पाळणा – २ पोरं' अशी ओळ तिथल्या एखाद्या बापालाही लिहिता आली असती. १९८२ मध्ये कुपने गेली आणि एकच तिकीट आले. त्यानंतर ती ओळ कुणाच्या वहीत लिहिता येईना. पाळण्यात बसा, नाहीतर खाली उभे राहा, पैसे तेवढेच.

भारतात दिल्लीचे अप्पू घर १९ नोव्हेंबर १९८४ ला सुरू झाले. १९८२ च्या एशियाडचा हत्ती त्याला नाव देऊन गेला. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आले. त्याची टीव्हीवरची जाहिरात आमच्या खेड्यातल्या पोरांना पाठ होती, जरी त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम झाले. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीने १९९६ पासून मराठवाड्याच्या सहली ओढून घेतल्या. २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी खोपोलीजवळ इमॅजिका उभारले. पुढे ते कर्जात रुतले आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ताब्यात घेतले. याच समूहाचे शिर्डीत वॉटर पार्क आहे आणि साईतीर्थ हा भक्तीचा थीम पार्कही आहे. दर्शन आणि पोरांची मौज एकाच फेरीत, हे तर आमचे जुनेच गणित. फक्त मधे तिकीटघर आले.

आमची सहल

मे २००८ मध्ये मी बायको-मुलांना एका मोठ्या पार्कात नेले. नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सात. दोन वर्षे पैसे साठवले होते. आपली पोरे खाली उभी राहणार नाहीत, असे मी कुठेतरी मनात धरले होते.

दारावर दशम्या आणि शेंगाचटणीचा डबा ठेवून घेतला. आत प्रत्येक खेळापाशी उंचीची पट्टी होती. मुलगी पट्टीपेक्षा चार बोटे कमी भरली. नियम तिच्या जिवासाठीच होता, त्याला बोल लावता येत नाही. पण सात वर्षांच्या पोरीला तो कसा समजवायचा? ती रडली. मी आणि मुलगा रांगेत उभे राहिलो, पाऊण तास. बायको पोरीला घेऊन बाकावर बसली. पुढच्या खेळालाही तेच. दुपारी ऊन वाढले, मुलगा अजून एक फेरी म्हणून हटून बसला आणि मी त्याच्यावर ओरडलो. 'एवढे पैसे भरून आलोय, तोंड पाडून काय बसलाय!' हे वाक्य माझ्या तोंडून गेले. त्या दिवशी आजूबाजूच्या बापांच्या तोंडीही मी ते किमान तीनदा ऐकले. यात्रेत आण्णांनी ते कधी म्हटले नाही. कारण यात्रेला ते आमच्यासाठी आलेच नव्हते. त्यांचा दिवस देवीने आणि दाव्यांनी आधीच भरला होता. मी मात्र पोरांच्या आनंदावाचून दुसरे काही काम घेऊन गेलो नव्हतो आणि तो आनंद मला संध्याकाळच्या आत वसूल करायचा होता.

संध्याकाळी पाण्याच्या हौदात चौघेही उतरलो. तिथे पट्टी नव्हती. मुलगी पाणी उडवत इतकी हसली की तिला ठसका लागला. परतीच्या गाडीत दोघेही माझ्या खांद्यांवर झोपली. आज मुलांना विचारले तर त्यांना तो हौदच आठवतो. बाक फक्त बायकोला आठवतो. त्या सहलीचे चाळीस फोटो आहेत, त्यांतल्या दोनच फोटोंत ती आहे.

तिथेच मला आण्णांच्या वहीतली ओळ नव्याने कळली असे वाटले. यात्रा असो की पार्क, घरातले कुणीतरी खाली राहते आणि चपला, पिशव्या, धाकटी पोरे सांभाळते. फरक एवढाच, की आक्का खाली राहिली तेव्हा घराचे पंचवीस पैसे वाचले. माझी बायको खाली राहिली तेव्हा काहीच वाचले नाही. तिचे पूर्ण तिकीट काढलेले होते. आणि नोंद दोघींचीही कुठे नाही.

आक्काचे म्हणणे

हा लेख इथे संपवायचा असे मी ठरवले होते. गेल्या चैत्रात आक्का यात्रेला आली. मी आता येरमाळ्यातच राहतो. चुन्याच्या रानात तिने पाच खडे वेचले, ढिगावर टाकले, हात जोडले. मग आम्ही पाळण्यांकडे गेलो. आता ते विजेवर चालतात आणि रात्री त्यांचा उजेड लांबूनच दिसतो. मी तिला वहीतल्या ओळीबद्दल सांगितले आणि विचारले, पैसे वाचावेत म्हणून तू बसली नाहीस ना?

"कशाचे पैसे? मला भ्या वाटायचं उंचाचं. आण्णा तीनदा म्हणाले बस म्हणून."

मी म्हणालो, "खरं सांग."

"आरं खरंच की. तुला सगळ्यातच काहीतरी दिसतंय."

साधने एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा काय करायचे, हे मला कुणी शिकवलेले नाही. तेरा वर्षांच्या पोरीला खरेच भीती वाटली असेल. किंवा बापाचा खिसा पाहून तिने तेव्हा भीतीचे सोंग घेतले असेल आणि शेहेचाळीस वर्षांत ते तिलाही खरे वाटू लागले असेल.

माझी मुलगी मधे आली. "आत्या, चल. मी धरते तुला." आक्का नको नको म्हणत होती, पण हातातली पिशवी तिने माझ्याकडे दिली. दोघी वर गेल्या. मी पिशवी आणि दोन जोड चपला घेऊन खाली उभा राहिलो. पाळणा वर गेल्यावर आक्काने डोळे मिटले होते की उघडे होते, हे खालून दिसत नव्हते.

घरी आल्यावर मी माझ्या वहीत त्या दिवसाचा खर्च लिहिला. पाळणा – २. त्याखाली एक ओळ वाढवली: खाली – १.